मुलांसाठीचे सरकारी भत्ते : नागपूर जिल्हा, एमपीच्या सीमेवरची घरं आणि परदेशी गेलेली कुटुंबं

वैनगंगा

सावनेर, नरखेड, रामटेक या पट्ट्यातून एकच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत येऊन राहिला आहे : बाळंतपण माहेरी, म्हणजे मध्य प्रदेशातल्या (एमपी) सौंसरला नाहीतर पांढुर्ण्याला झालं, मग लेक लाडकीचा, म्हणजे मुलीसाठीच्या महाराष्ट्राच्या योजनेचा अर्ज इकडे भरता येतो का? दुसरीकडे जर्मनी-कॅनडाला गेलेल्यांचे प्रश्न असतात. दोन्हींचं मूळ एकच आहे. मूल जन्मलं कुठे यापेक्षा ते आणि त्याचे आईवडील राहतात कुठे, यावर भत्ता ठरतो. म्हणून सगळं एका धाग्यात घेऊ. ज्यांना ज्या योजनेची नीट माहिती आहे त्यांनी भर घालावी. ऐकीव माहिती कृपया नको, लोक त्यावर रजा टाकून तहसीलच्या चकरा मारतात.

सुरुवात लेक लाडकीपासून. शासन निर्णय ३० ऑक्टोबर २०२३ चा. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत आणि कुटुंब महाराष्ट्राचं रहिवासी. बँक खातंही महाराष्ट्रातलंच लागतं. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे मिळून १,०१,००० रुपये. पहिल्या तुकडीच्या मुली जून २०२९ मध्ये पहिलीत जातील, त्यामुळे दुसरा हप्ता "अजून आला नाही" म्हणून कोणी घाबरू नये. त्याची वेळच आलेली नाही.

अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मुलीचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडायची. मुलीचं आधार पहिल्या हप्त्याला नसलं तरी चालतं, पुढच्या हप्त्यांना लागतं. सेविकेकडून पर्यवेक्षिका, तिथून बालविकास प्रकल्प अधिकारी, तिथून जिल्हा पातळी असा कागद फिरतो. शहरात नागरी प्रकल्पाची अंगणवाडी असते. आपला मोहल्ला कोणत्या अंगणवाडीत मोडतो हे आशाताईंना पक्कं माहीत असतं.

सर्वांत जास्त अर्ज दोन कारणांनी अडकतात. एक, केशरी कार्ड जुनं आहे पण आजचं उत्पन्न १ लाखाच्या वर गेलेलं असतं. दोन, लाडकी बहीण योजनेत पिवळ्या-केशरी कार्डावर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट होती, म्हणून लोक इथेही दाखला जोडत नाहीत. या दोन योजना वेगळ्या आहेत. तिथली मर्यादा अडीच लाख आणि पैसे बाईच्या नावाचे, इथली मर्यादा १ लाख आणि हक्क मुलीचा. इथे दाखला लागतोच.

केळवद_नाका

चांगलं केलं ताई धागा काढून. नेमका प्रश्न असा. वडील सावनेर तालुक्यातले, केशरी कार्ड, उत्पन्न बसते. आईचं माहेर सौंसर. मुलगी तिथल्या सरकारी दवाखान्यात झाली, जन्मदाखला तिकडचा. आईच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता आहे, तिचं नाव तिकडच्या समग्र आयडीत (कुटुंबाची सरकारी नोंद) आणि पात्रता पर्चीतही (रेशनचा कागद) आहे. अंगणवाडीत सांगतात, "एमपीचा दाखला आहे, तिकडेच भरा." तिकडचे म्हणतात, "शादी महाराष्ट्र में हुई है, उधर भरो." आधी काय करावं?

सेतू_नागपूर

भाऊ, जन्मदाखला एमपीचा असणं ही अडचणच नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे आणि नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. सावनेरला त्या बाळाची नोंद करणं उलट बेकायदा ठरेल. शासन निर्णयातली अट कुटुंबाच्या रहिवासाची आहे. तेवढं वाक्य असलेलं पान छापून अर्जासोबत न्या. पर्यवेक्षिकेला तोंडी समजावण्यापेक्षा कागद दाखवला की लवकर उमगते.

अडचण आहे ती आईच्या पत्त्याची. ती या क्रमाने सोडवा, क्रम उलटा झाला की प्रत्येक टेबलावर परत पाठवतात.

आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते नसेल तर पहिलं तेच. त्यावर आईचं नाव जसं लिहाल तसंच पुढे सगळीकडे राहू द्या. मग आधारचा पत्ता. आईकडे सासरच्या पत्त्याचा स्वतःचा पुरावा नसला तरी मायआधार पोर्टलवर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलता येतो. नवऱ्याचा आधार क्रमांक टाकायचा, नातं दाखवणारा कागद म्हणून विवाह प्रमाणपत्र जोडायचं. नवऱ्याच्या मोबाईलवर विनंती जाते आणि त्याने ३० दिवसांत पोर्टलवर जाऊन ती मंजूर करायची असते. इथेच चुकते. मेसेज येतो, कोणी पाहत नाही, मुदत संपते आणि भरलेलं शुल्कही जाते.

त्यानंतर तिकडची नोंद कमी करा. समग्र आयडीतून आणि पात्रता पर्चीतून नाव काढल्याचा कागद ग्रामपंचायतीतून नाहीतर नगरपालिकेतून हातात घ्या. तो घेऊन सावनेर तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव वाढवण्याचा अर्ज द्या. तिकडे नाव असताना इकडे वाढवायला गेले तर एकच आधार दोन राज्यांत दिसते आणि ऑनलाइन नोंद अडते.

हे झालं की उत्पन्नाचा दाखला. तो रेशनकार्डावरच्या कुटुंबाच्या आधारे निघतो, म्हणून आईचं नाव कार्डात आल्यावर काढलेला बरा. तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र आधी तयार ठेवा.

केळवद_नाका

समजलं जी. जन्मदाखल्यावर आईचं नाव "सुनीता बाई" आहे, आधारवर सुनीता, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. हे चालून जाईल?

सेतू_नागपूर

नाही. आज चालून गेलं तरी अकरावीत नाहीतर अठराव्या वर्षी ७५ हजारांच्या वेळेस अडेल. आत्ताच दुरुस्त करा. नोंद ज्या निबंधकाने केली त्याच्याकडेच दुरुस्ती होते, म्हणजे सौंसरलाच जावं लागेल. आईचं आधार आणि विवाह प्रमाणपत्र सोबत न्या. म्हणून तर विवाह प्रमाणपत्र पहिलं म्हटलं.

अजून एक. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. त्या कागदावरचं एक अक्षर चुकलं तर ते आयुष्यभर सोबत येते. दवाखान्यातून सुटी होताना फॉर्मवर नावं तपासूनच सही करा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा सोडून नोंद होऊ द्या. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क टाकता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नाव ठरायची वाट पाहत नोंदच लांबवणं मात्र वाईट. २१ दिवसांच्या पुढे शुल्क, ३० दिवसांच्या पुढे जिल्हा निबंधकांची परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

पेंच_काठ

केळवदच्या भाऊंच्या प्रश्नाची दुसरी बाजू. कुटुंब खरोखर एमपीत राहत असेल आणि वडील फक्त कामाला नागपूरला, बुटीबोरीला येत असतील तर इकडे धडपडू नका. तिकडे लाडली लक्ष्मी योजना आहे. १ जानेवारी २००६ नंतर जन्मलेली मुलगी, आईवडील मध्य प्रदेशचे मूळ रहिवासी, आयकर भरणारे नसावेत. सहावीत २,०००, नववीत ४,०००, अकरावी आणि बारावीत प्रत्येकी ६,०००, पुढे पदवीला २५,००० दोन भागांत आणि २१ व्या वर्षी १ लाख. त्यासाठी बारावीची परीक्षा दिलेली असावी आणि १८ च्या आत लग्न झालेलं नसावं. लेक लाडकीपेक्षा ही रक्कम मोठी आहे. पण अर्ज जन्मापासून वर्षभरात करायचा असतो. इकडे की तिकडे यात दीड वर्ष घालवलं की तिकडची साधी वाट बंद होते.

दोन्हीकडे अर्ज टाकू नका. रहिवासी एकाच राज्याचं असता येते. दोन्हीकडे स्वयंघोषणापत्रावर सही केली की ती खोटी घोषणा होते आणि पुढे मिळालेलं परत करावं लागू शकते.

गांधीबाग_१८

माहेर-सासरचा सगळ्यात जास्त घोळ मातृवंदनेत होतो, त्याबद्दल लिहिते. प्रधानमंत्री मातृवंदना योजना केंद्राची, पोर्टल देशभर एकच. त्यामुळे राज्य बदलल्याने हक्क जात नाही, फक्त नोंद एकदाच व्हायला पाहिजे.

पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून ६ महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींची पहिली फेरी पूर्ण झाली की २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ५७० दिवसांत आणि दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवसांत अर्ज झाला पाहिजे.

हे दिवस मोजताना बायका चुकतात. ५७० दिवस जन्मापासून नाहीत, शेवटच्या पाळीपासून आहेत. नऊ महिने त्यातच गेलेले असतात, म्हणजे बाळ जन्मल्यावर हातात जेमतेम दहा महिने उरतात. माता-बाल संरक्षण कार्डावर पाळीची तारीख अंदाजाने लिहू देऊ नका, सगळा हिशोब त्या एका तारखेवर चालतो.

आता माहेरचा प्रश्न. नोंद सासरी झाली आणि बाळंतपण माहेरी झालं तर दुसऱ्या हप्त्यासाठी माहेरच्या लसींच्या नोंदी त्याच कार्डावर करून घ्या. दोन कार्डं करू नका. माहेरी गेल्यावर तिकडच्या सेविकेने आपुलकीने नवी नोंद केली तर इकडचा अर्ज आधार आधीच वापरलेलं म्हणून परत येतो. मग कोणती नोंद ठेवायची हे ठरवण्यात दिवस जातात आणि मुदत थांबत नाही.

पात्रता लेक लाडकीपेक्षा बरीच रुंद आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत, किंवा मनरेगाचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी, अनुसूचित जाती-जमाती, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, यातलं एक पुरे. केंद्र-राज्य सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित कर्मचारी बायकांना मिळत नाही. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. एकट्या आईने त्या कारणाने मागे हटू नये, कोणी मागितलं तर हे ठामपणे सांगावं.

सेतू_नागपूर

पैसे मंजूर होऊनही खात्यात आले नाहीत, अशी तक्रार घेऊन रोज लोक येतात. दहातल्या बहुतेकांचं कारण एकच. खात्याला आधार जोडलं आहे आणि खातं थेट लाभासाठी आधारशी मॅप आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केवायसीसाठी असते. सरकारी पैसा दुसरीवर येतो आणि एका आधारला एकाच वेळी एकच बँक मॅप असते. जी शेवटची मॅप केली तिकडे पैसा जातो, अर्जावर कोणतं पासबुक लावलं ते मग पाहिलं जात नाही.

मायआधार पोर्टलवर बँक सीडिंग स्टेटस पाहा. बँकेचं नाव आणि सक्रिय अशी स्थिती दिसली पाहिजे. माहेरच्या गावातल्या शून्य शिल्लक खात्याला मॅप असेल आणि ते खातं व्यवहाराविना बंद पडलं असेल तर पैसा परत जातो. नागपूरच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि "थेट लाभासाठी, आधीच्या बँकेवरून इकडे" असं स्पष्ट सांगा. चार-पाच दिवसांनी पोर्टलवर पुन्हा पाहून मगच निश्चिंत व्हा.

लकडगंज_वाचक

वडील वारले आहेत, आई शिलाईचं काम करते, दोन मुलं शाळेत, एक मुलगा एक मुलगी. मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची नसल्यामुळे लेक लाडकी नाही. अशा घराला काही आहे का?

बालहक्क_धंतोली

आहे, आणि मदत मोठी आहे, तरी फार कमी लोकांना माहीत असते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे महिना २,२५० रुपये, २०२३ पासूनचा दर. आधी १,१०० होता. मुलगा-मुलगी भेद नाही, दोघांनाही मिळते. अनाथ मुलं, एक पालक गेलेली, घटस्फोट किंवा परित्याग झालेल्या घरातली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं यात येतात.

हा अर्ज अंगणवाडीत नाही. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. अर्जासोबत मुलाचं आणि आईचं आधार, वडिलांचा मृत्यूदाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक आणि पालकासोबत मुलांचा घरासमोर काढलेला फोटो. दोन मुलं असतील तर दोन वेगळे संच करा. एकाच फाईलमध्ये दोघांचे कागद घातले की एकाचं प्रकरण पुढे जाते आणि दुसऱ्याचं तिथेच राहते.

मग सामाजिक कार्यकर्ता गृहचौकशीला येतो. भाड्याने राहणारे लोक मधेच पत्ता सोडून जातात आणि चौकशी अहवाल "कुटुंब आढळले नाही" असा जातो. घर बदललं तर त्याच आठवड्यात कक्षाला लेखी कळवा. अहवालानंतर बालकल्याण समितीपुढे मूल आणि पालक दोघांनी हजर व्हायचं. पैसा समितीच्या आदेशावर सुरू होतो, अर्जाच्या पावतीवर नाही. सुरू झाल्यावर दरवर्षी शाळेचा बोनाफाइड देत राहा. शाळा बदलली, मूल नातेवाइकाकडे राहायला गेलं, तरी कळवायचं.

दुसरा मार्ग मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाचा. तिथे महिना ४,००० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा कडक, शहरात वर्षाला ९६,००० आणि ग्रामीण भागात ७२,०००. एका मुलाला एकाच वेळी दोन्ही मिळत नाहीत. लकडगंजच्या घराने उत्पन्नाचा दाखला काढून कक्षात विचारावं की कशात नाव बसते. शिलाईकामाचं उत्पन्न दाखल्यात खरं तेच लिहा. मृत्यूदाखल्यावर आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव सारखं आहे की नाही, हे आधी पाहा. एकीकडे टोपणनाव असेल तर समितीपुढे जाण्याआधी दुरुस्ती करा.

बाहेर टपरीवर हे फॉर्म विकत देणारे बसतात. फॉर्मला आणि मंजुरीला शुल्क नाही. मुलाला तातडीची मदत लागत असेल तर १०९८ वर फोन करा, तो चोवीस तास चालतो.

लकडगंज_वाचक

फार आभार. मृत्यूदाखल्यावर खरंच टोपणनाव आहे. तेच आधी करतो.

मनीषनगर_ते_म्युनिक

परदेशातल्यांचं लिहितो, जर्मनीपुरतं. इथे मुलांच्या भत्त्याला किंडरगेल्ड म्हणतात. उत्पन्नाची अट नाही. २०२५ साली प्रत्येक मुलामागे महिना २५५ युरो होते, जानेवारी २०२६ पासून २५९. १८ वर्षांपर्यंत, शिकत असेल तर २५ पर्यंत. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर असलेल्यांना मिळते. किमान ६ महिने नोकरीची मुभा देणाऱ्या निवास परवान्यावरही मिळते. फक्त शिक्षणासाठीच्या परवान्यावर साधारणपणे मिळत नाही.

नागपूरकरांची चूक बहुतेक वेळा एकच. नवरा आधी येतो, बायको-मुलं वर्षभर नागपूरलाच राहतात आणि इकडे अर्ज टाकला जातो. मूल जर्मनीत, युरोपीय संघात, युरोपीय आर्थिक क्षेत्रात किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहत असलं पाहिजे. तुर्कस्तान, मोरोक्को, सर्बिया अशा काही देशांशी वेगळे करार आहेत, तिथल्या मुलांसाठी कमी दराने मिळते. भारताशी असा करार नाही. भारताशी झालेला सामाजिक सुरक्षेचा करार पेन्शनचा आहे, मुलांच्या भत्त्याचा नाही. म्हणून मुलं नागपूरला असलेल्या महिन्यांचं काहीही मिळत नाही, पगारातून कर कापला गेला तरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल महिनाभर आजीकडे आलं तर हरकत नाही. नागपूरच्या शाळेत नाव घातलं आणि राहणंच तिकडे झालं, तर भत्ता थांबतो आणि कळवलं नसेल तर परत मागतात.

कुटुंब आल्यावर पहिलं काम पत्त्याची नोंदणी. ती झाली की मुलाचा कर क्रमांक दोन-चार आठवड्यांत टपालाने घरी येतो. लेटरबॉक्सवर मुलाचं आडनाव वेगळं असेल तर तेही चिकटवा, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मुलाचं मधलं नाव असते, इथे ते कधी आडनावात मिसळते. नोंदणी कार्यालयात पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहून घ्या.

अर्ज फामिलियनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, ऑनलाइन होतो. मुख्य फॉर्म आणि प्रत्येक मुलामागे एक पुरवणी. दोन्ही पालकांचे आणि मुलाचे कर क्रमांक, निवास परवान्याची प्रत, जन्मदाखला. पैसा कोणाच्या खात्यात जाणार हे दोघांनी मिळून सही करून ठरवायचं. मागचे पैसे जास्तीत जास्त ६ महिन्यांचे मिळतात, अर्ज पोचल्याच्या महिन्यापासून मागे मोजून. एखादा कागद यायचा असेल तरी अर्ज थांबवू नका, अर्ज टाका आणि कागद मागाहून पाठवा. मंजुरीनंतर पैसा महिन्याच्या कोणत्या दिवशी येईल ते तुमच्या किंडरगेल्ड क्रमांकाच्या शेवटच्या अंकावर ठरते. शून्य असेल तर महिन्याच्या सुरुवातीला, नऊ असेल तर शेवटी. शेजाऱ्याला आला, आपल्याला नाही, म्हणून फोन करत बसू नका.

सेतू_नागपूर

म्युनिकच्या दादांना जोड देतो. निघण्याआधी मनपाच्या झोन कार्यालयातून जन्मदाखल्याच्या तीन-चार मूळ प्रती काढून घ्या. नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो. जुना हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला असेल तर तो तिकडे भाषांतराशिवाय चालत नाही. जन्म ज्या झोनमध्ये नोंदला गेला तिथेच विचारा. डागा, मेयो, मेडिकलला जन्म असेल तर दवाखान्याचं नाव आणि जन्मतारीख सोबत असली की नोंद लवकर सापडते. परदेशातून वकीलपत्र पाठवून हे काढायला फार वेळ लागतो.

प्रतापनगर

इंग्लंड आणि कॅनडाचंही कोणी लिहा ना. जावई स्किल्ड वर्कर व्हिसावर लीड्सला आहेत. तिकडच्या मैत्रिणींनी मुलीला सांगितलं की चाइल्ड बेनिफिट सगळ्यांना मिळते.

तात्या_टोरांटो

काकू, मुलीला आधी थांबवा. स्किल्ड वर्कर व्हिसावर "सार्वजनिक निधीचा आधार नाही" ही अट असते आणि चाइल्ड बेनिफिट त्या निधीच्या यादीत आहे. नवरा-बायको दोघांवरही ही अट असेल तर अर्ज करायचाच नाही. मिळालं तरी ते व्हिसाच्या अटीचं उल्लंघन ठरते आणि पुढे मुदतवाढीत, कायम वास्तव्याच्या अर्जात आड येते. दोघांपैकी एक ब्रिटिश नागरिक असेल किंवा कायम वास्तव्य मिळालेलं असेल तर त्याने स्वतःच्या नावाने करावा. कायम वास्तव्य मिळाल्यावर लगेच करा, मागचे फक्त ३ महिने धरतात.

कॅनडात तात्पुरत्या परवान्यावरही मिळते, पण सलग १८ महिने देशात राहून झाल्यावर आणि १९ व्या महिन्यात परवाना चालू असेल तर. परवान्याची मुदत नेमकी त्या महिन्यात संपत असेल तर नूतनीकरण आधी करा. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना घेऊन आलेल्यांना ही वाट पाहावी लागत नाही. फॉर्म आरसी ६६, सोबत नागरिकत्व आणि उत्पन्नाची पुरवणी. त्या पुरवणीत कॅनडात येण्याआधीचं भारतातलं उत्पन्नही लिहायचं असते, नागपूरच्या घराचं भाडं आणि एफडीचं व्याज धरून. भत्ता उत्पन्नावर ठरत असल्यामुळे नवरा-बायको दोघांनी दरवर्षी कर विवरण भरलंच पाहिजे, एकाची कमाई शून्य असली तरी. एकाने भरलं नाही की जुलैपासून भत्ता बंद होतो. लोकांना वाटते योजना संपली, प्रत्यक्षात एक विवरण राहिलेलं असते.

अमेरिकेत महिन्याचा भत्ता नाहीच. तिथे कर विवरणात सूट मिळते, २०२५ साठी मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत, पण मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या मुलाला तो मिळत नाही. त्याच्यासाठी ५०० डॉलरची वेगळी सूट आहे, तीच घ्यावी.

प्रतापनगर

बरं झालं विचारलं, आजच फोन करते तिला. अजून एक, जावई तिकडे आणि मुलगी सहा महिने इथे बाळंतपणाला राहणार. तिला इथलं काही मिळेल?

गांधीबाग_१८

काकू, लेक लाडकी नाही. जावयांचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरला जातो, १ लाखाची मर्यादा ओलांडली जाते. मातृवंदनेतही ८ लाखांच्या निकषात बसणार नाही. त्यासाठी धावपळ करू नका. डागाला किंवा जवळच्या मनपा दवाखान्यात लसी मोफत मिळतील, त्या सगळ्या कार्डावर लिहून घ्या आणि जन्मदाखल्यावर आईचं, म्हणजे तुमच्या मुलीचं नाव तिच्या पासपोर्टप्रमाणेच टाका. बाळाचा पासपोर्ट त्याच कागदावर निघणार आहे.

नरखेड_संत्रा

शेवटचा प्रश्न, वैनगंगाताई. पहिला मुलगा २०२१ चा. आता दुसऱ्या वेळेस जुळं झालं, दोन्ही मुली. केशरी कार्ड, उत्पन्न ७०,०००. दोघींना मिळते की एकीला?

वैनगंगा

दोघींना. दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं आणि त्यात एक किंवा दोन्ही मुली असल्या तर प्रत्येक मुलीला लाभ आहे. पण त्यानंतर आईने किंवा वडिलांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केलेली असली पाहिजे. वडिलांची शस्त्रक्रिया सोपी असते, कमी वेळात होते आणि प्रमाणपत्र तेवढंच चालते, घरात हा विचार जरूर करा. प्रमाणपत्र जपून ठेवा. सरसकट नियम असा आहे की पहिल्या मुलीच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसऱ्या मुलीच्या दुसऱ्या हप्त्याला ते मागतात, म्हणजे तुमच्याकडे ते पहिलीच्या वर्गापर्यंत सांभाळायचं आहे.

दोघींचे जन्मदाखले वेगवेगळे काढा आणि जन्माची वेळ दोन्हींवर बरोबर आहे का पाहा. दोन अर्ज, दोन संच, दोन पावत्या. सेविका एकाच अर्जात दोन्ही नावं घालू म्हणाली तर नम्रपणे नाही म्हणा. उत्पन्नाचा दाखला एकच पुरतो, मूळ एकीच्या अर्जाला आणि साक्षांकित प्रत दुसरीच्या अर्जाला लावा.